टेलिग्राममधलं ब्लॉकचेन ॲप साध्या माणसासाठी कसं बांधावं: वॉलेट सर्वांत शेवटी

तपासायला म्हणून माझ्याकडे जी टेलिग्राम मिनी ॲप (टेलिग्रामच्या आतच उघडणारी वेब ॲप) येतात, त्यांतल्या बहुतेकांची पहिली स्क्रीन सारखीच असते. मधोमध निळं बटण, त्यावर 'कनेक्ट वॉलेट', बाकी काही नाही. ज्याच्यासाठी हे ॲप बांधलंय त्या माणसाकडे वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं आणि व्यवहारांवर सही करायचं ॲप, नसतं. तो बटण दाबतो, वॉलेटांची यादी उघडते. एक निवडलं की दुसरंच ॲप डाउनलोड करायला सांगतात. तिथे २४ इंग्रजी शब्द (हीच त्या वॉलेटची किल्ली) कागदावर उतरवून घ्या म्हणतात. तो माणूस परत येत नाही. मग बांधणारा म्हणतो, लोकांना ब्लॉकचेन कळत नाही.

कळायची गरजही नाही. क्रम चुकलेला असतो. या लेखात तो क्रम लावून दिला आहे. उदाहरण एकच आणि खरं वापरात येणारं घेतलंय: ट्रेकिंग ग्रुपचं मिनी ॲप. ट्रेकला आलेल्यांची हजेरी लागते, प्रत्येक गडाचा एक बॅज मिळतो आणि ज्याला हवा त्याला तो चेनवर, म्हणजे ब्लॉकचेन या सगळ्यांना दिसणाऱ्या, पुसता न येणाऱ्या नोंदवहीत, स्वतःच्या नावे ठेवता येतो. प्लॅटफॉर्म टेलिग्राम, चेन टॉन. यात निवडीला फार वाव नाही. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाप्रमाणे टेलिग्राममधल्या मिनी ॲपना टॉन हीच चेन वापरायची आहे आणि वॉलेट जोडायला टॉन कनेक्ट.

वेब ॲप बांधता येतं, सर्व्हरवर थोडं काम केलंय, एवढं मी गृहीत धरतो.

## तयारी: कोड लिहिण्याआधी

पहिला प्रश्न: चेन हवीच आहे का? उद्या तुमचा सर्व्हर बंद पडला तर वापरणाऱ्याचं काय जातं, हे स्वतःला विचारा. काहीच जात नसेल तर डेटाबेस पुरे, हा लेख इथेच सोडा. आमच्या उदाहरणात हजेरी, ट्रेकची यादी, फोटो, वर्गणीचा हिशोब यातलं काहीही चेनवर जात नाही. जातो फक्त बॅज, कारण ग्रुप पाच वर्षांनी मोडला तरी तो माणसाकडे राहावा. चेनवर जाणाऱ्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या नाहीत तर यादी पुन्हा करा.

दुसरा प्रश्न: खर्च कोण करणार? टॉनवर कुठलाही व्यवहार करायचा तर फी टॉनमध्येच लागते (त्या चेनच्या नाण्याचं नावही टॉनच). आपल्याकडच्या नवख्या माणसाने ते विकत घ्यायचे म्हणजे एक्सचेंज, केवायसी, बँक असं सगळं आलं. म्हणून नियम असा ठेवा की फी ग्रुपचं वॉलेट भरेल. वापरणाऱ्याच्या खात्यातून पहिल्या दिवशी एक नॅनोटॉनही (टॉनचा अब्जावा भाग) जाता कामा नये.

तिसरं, हाताशी काय हवं:

- ग्रुपचं स्वतंत्र टेलिग्राम खातं. एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यावर बॉट काढला आणि तो बंगळुरूला गेला की बॉटही जातो.
- एचटीटीपीएस असलेलं डोमेन.
- टॉनची दोन वेगवेगळी वॉलेट: एक टेस्टनेटचं (चाचणीची चेन), एक मेननेटचं (खरी चेन). दोघांचे २४ शब्द वेगळे. टेस्टनेटचे शब्द कधीतरी कोडमध्ये राहून जातातच, म्हणून ते खऱ्या वॉलेटचे नसावेत.
- साधा अँड्रॉइड फोन, जुना असेल तर उत्तम. तुमच्या लॅपटॉपवर छान दिसणारं ॲप त्या फोनच्या वेबव्ह्यूमध्ये कसं दिसतं, तेच खरं.

> सावध: चेनवर नाव, फोन नंबर, गाव, जन्मतारीख लिहायची नाही. बॅजच्या वर्णनातसुद्धा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क देतो, आणि चेनवरचं काही पुसता येत नाही. ट्रेकला मुलं येत असतील तर आणखी जपा. हा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांची संमती मागतो.

## टप्पा १: बॉट आणि मिनी ॲप उभं करा

टेलिग्रामवर बॉटफादर (बॉट काढून देणारा टेलिग्रामचा स्वतःचा बॉट) उघडा, नवा बॉट काढा. त्याच्या युजरनेमचा शेवट इंग्रजी 'बॉट' या अक्षरांनी व्हावा लागतो. मिळालेलं टोकन सर्व्हरच्या गुप्त सेटिंगमध्ये ठेवा. त्यानंतर बॉटफादरलाच त्या बॉटखाली नवं ॲप काढायला सांगा. शीर्षक, छोटं वर्णन, ६४० बाय ३६० चं चित्र, तुमच्या वेब ॲपचा पत्ता आणि एक छोटं नाव एवढं तो विचारतो. शेवटी थेट ॲप उघडणारी लिंक मिळते. तिच्या मागे 'स्टार्टॲप' हा पॅरामीटर जोडला की कुठल्या ट्रेकसाठी ॲप उघडलंय ते कळतं.

इथे मराठी माणसं हमखास चुकतात. त्या पॅरामीटरमध्ये इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच चालतं. 'राजगड-जानेवारी' देवनागरीत टाकलंत तर लिंक नीट चालणार नाही. प्रत्येक ट्रेकला छोटा इंग्रजी कोड द्या, मराठी नाव डेटाबेसमधून दाखवा.

दुसरी गोष्ट भाषेची. टेलिग्राम वापरणाऱ्याचा भाषा-कोड पाठवतो, पण आपल्याकडे घरात मराठी बोलणाऱ्याचा फोनही बहुधा इंग्रजीत असतो. त्या कोडवर विसंबून भाषा ठरवलीत तर तुमचं मराठी भाषांतर कोणालाच दिसणार नाही. सुरुवात मराठीत करा, वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण द्या. आणि बटणांवरच्या ओळीची उंची थोडी वाढवा. इंग्रजीसाठी बेतलेल्या बटणात 'मिळवली'ची वेलांटी वरून कापली जाते आणि खालचे उकार दिसेनासे होतात.

> तपासा: फोनची थीम काळी करून ॲप उघडा. टेलिग्राम थीमचे रंग ॲपला देतो. ते घेतले नसतील तर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं दिसतील. मग लांब यादी खाली ओढून बघा, ॲप मधेच मिटतंय का. मिटत असेल तर उभ्या स्वाइपने बंद होण्याची सोय बंद करा.

## टप्पा २: माणूस ओळखा, पण टेलिग्रामच्या सहीने

मिनी ॲप उघडलं की टेलिग्राम 'इनिट डेटा' नावाची एक ओळ देतो. तीत वापरणाऱ्याचा आयडी, नाव, उघडल्याची वेळ आणि या सगळ्यावर हॅश (मजकुरातून गणिताने काढलेली खूण) असतो. म्हणजे नोंदणी, पासवर्ड, ओटीपी काही लागत नाही. मेसेजिंग ॲपमधून जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा, आणि लोक नेमका तोच वाया घालवतात.

चूक अशी होते. त्याच माहितीची सुटी केलेली एक प्रत ब्राउझरमध्ये मिळते, तिच्या नावातच 'अनसेफ' लिहिलंय. लोक त्यातला आयडी उचलून सर्व्हरला पाठवतात आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. आयडी बदलून कोणीही दुसऱ्याच्या नावे हजेरी लावू शकतो.

बरोबर क्रम असा:

1. मूळ ओळ जशीच्या तशी सर्व्हरला पाठवा.
2. सर्व्हरवर हॅश बाजूला काढा. उरलेली सगळी फील्ड वर्णानुक्रमे लावा, 'नाव बरोबर किंमत' अशा रूपात एकाखाली एक जोडा.
3. गुप्त किल्ली तयार करा. 'वेबॲपडेटा' हा ठरलेला शब्द (दस्तऐवजात जसा इंग्रजीत दिलाय तसाच) किल्ली म्हणून आणि बॉटचं टोकन संदेश म्हणून घेऊन एचमॅक-शा-२५६ (किल्ली वापरून काढलेला हॅश) काढायचा. इथे बरेच लोक उलट करतात, टोकनला किल्ली करतात. चूक कळावी असा काही संदेश येत नाही, फक्त हॅश जुळत नाही.
4. त्या किल्लीने दुसऱ्या पायरीतल्या मजकुराचा एचमॅक काढा आणि आलेल्या हॅशशी जुळवा.
5. उघडल्याची वेळ किती जुनी आहे ते बघा.

पाचवी पायरी आम्हाला गडावर महागात पडली. मर्यादा एक तासाची ठेवली होती. लोकांनी सकाळी पायथ्याला ॲप उघडलं, फोन खिशात टाकला आणि संध्याकाळी खाली उतरून हजेरीचं बटण दाबलं. सर्व्हरने प्रत्येकाला 'अवैध' म्हणून हाकललं. आता आम्ही पहिल्या तपासणीनंतर आमचं स्वतःचं सेशन देतो. तेही संपलं असेल तर साध्या शब्दांत सांगतो: 'ॲप बंद करून पुन्हा उघडा.' लाल रंगात 'अवैध' वाचलं की माणसाला वाटतं आपणच काहीतरी गुन्हा केलाय.

> सावध: टेलिग्रामचा आयडी ३२ बिटांत मावेलच असं नाही. डेटाबेसमध्ये ६४ बिटांचा रकाना ठेवा. लहान रकान्यात जुने सदस्य बसतात, नवे बसत नाहीत, आणि चूक शोधण्यात दिवस जातो.

> तपासा: ओळीतलं एक अक्षर हाताने बदलून सर्व्हरला पाठवा. तरीही आत घेतलं तर तुमची तपासणी चालतच नाही.

## टप्पा ३: वॉलेटशिवाय पूर्ण होणारं काम

आता ॲपमध्ये असं काहीतरी हवं, जे वॉलेट नसताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पडेल. आमच्याकडे ते काम हजेरीचं.

गडावर रेंज मिळेलच असं नाही, म्हणून हजेरी गडावर घेत नाही. राजगड असेल तर उतरल्यावर गुंजवण्यात, हरिश्चंद्रगड असेल तर पाचनईत, जिथे चहा होतो तिथे. लीडर आपल्या फोनवर क्यूआर दाखवतो, तो स्कॅन केला की मिनी ॲप उघडतं आणि 'मी आलो होतो' एवढं एकच बटण दिसतं. ते दाबलं की बॅजचं चित्र समोर. तो बॅज अजून फक्त आपल्या डेटाबेसमध्ये आहे, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो त्याला मिळाला. तो ग्रुपवर दाखवू शकतो, जुन्या गडांच्या रांगेत बघू शकतो.

क्यूआरचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकतोच, आणि घरी झोपलेलाही गड सर करतो. म्हणून क्यूआर म्हणजे फक्त अर्ज. पक्की हजेरी लीडरने नावांच्या यादीवर टिक केल्यावर. ज्यांचा फोन बंद पडला त्यांचीही सोय त्याच यादीतून होते.

बॅज पक्का झाल्याचा मेसेज बॉटकडून जायला हवा. इथे टेलिग्रामचा एक नियम आड येतो: बॉट आपणहून कोणाला पहिला मेसेज करू शकत नाही. थेट लिंकवरून ॲप उघडणाऱ्याने बॉट सुरू केलेलाच नसतो. म्हणून हजेरीचं बटण दाबल्या दाबल्या मेसेजची परवानगी मागा आणि कारण सांगा: 'लीडरने हजेरी पक्की केली की कळवू का?' ॲप उघडताच मागितलेल्या परवानगीला लोक सवयीने 'नको' म्हणतात.

> तपासा: ज्याने क्रिप्टो हा शब्दही ऐकलेला नाही अशा कोणाच्या तरी हातात फोन द्या आणि गप्प बसा. 'हे काय आहे?' असा प्रश्न आला तर त्या स्क्रीनवरचा शब्द बदला. आमच्याकडून 'मिंट', 'क्लेम', 'गॅस' आणि 'डीॲप' असे गेले. 'मिंट'चं झालं 'कायमचा बॅज घ्या'.

हा टप्पा चार-पाच ट्रेक नीट चालल्याशिवाय पुढे जाऊ नका. गंमत म्हणजे बऱ्याच ग्रुपना इथेच कळतं की पुढचं काही लागणारच नाहीये.

## टप्पा ४: वॉलेट जोडणं

ज्याच्याकडे दोन-तीन बॅज जमलेत त्यालाच 'कायमचा बॅज घ्या' हे बटण दाखवा. आता त्याच्याकडे राखण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून चार मिनिटं खर्च करायची त्याची तयारी असते.

आधी एक मोह टाळा. 'लोकांना वॉलेट जड जातं ना, मग आपणच सर्व्हरवर प्रत्येकाचं वॉलेट काढून किल्ल्या आपल्याकडे ठेवू' असं प्रत्येकाला कधी ना कधी सुचतं. ठेवू नका. सर्व्हर फुटला तर सगळ्यांचं एकदम जातं, आणि मार्च २०२३ पासून दुसऱ्यांची आभासी मालमत्ता व्यवसाय म्हणून सांभाळणारे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आलेत. ट्रेकिंग ग्रुपने त्या वाटेला जाण्याचं काही कारण नाही.

टॉन कनेक्ट लावताना मॅनिफेस्ट नावाची एक छोटी फाइल लागते. तीत ॲपचा पत्ता, नाव आणि आयकॉनची लिंक असते. माझ्याकडे आलेल्या 'वॉलेट जोडलं जात नाही' या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या फाइलमध्येच सापडलं:

- फाइल लॉगिनच्या मागे आहे. ती सगळ्या जगाला सरळ मिळाली पाहिजे, दुसऱ्या डोमेनवरून मागितली तरी.
- आयकॉन एसव्हीजी आहे. पीएनजी द्या, १८० बाय १८०.
- पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ राहिली आहे.
- चाचणीसाठी टनेल वापरलंय, आणि ते फाइलच्या आधी स्वतःचं सूचनेचं पान दाखवतंय. तुमच्या ब्राउझरमध्ये तुम्ही ते पान कधीच मान्य केलंय म्हणून तुम्हाला फाइल दिसते. वॉलेटला दिसत नाही.

परतीची लिंकही भरा. वॉलेटमध्ये 'मान्य' म्हटल्यावर माणूस कुठे यायला हवा, हे टॉन कनेक्टला सांगावं लागतं. तिथे तुमच्या मिनी ॲपची टेलिग्राम लिंक द्या. ही ओळ राहिली की माणूस वॉलेट ॲपमध्येच अडकतो, किंवा ब्राउझरमध्ये उतरतो आणि तिथे टेलिग्रामची ओळख नसल्यामुळे त्याला रिकामी स्क्रीन दिसते.

बांधणीच्या वेळी 'बफर सापडत नाही' अशी चूक आली तर घाबरू नका. टॉनच्या लायब्ररी नोडमधली ती गोष्ट ब्राउझरमध्येही असेल असं धरून चालतात. तिचा पर्याय बंडलमध्ये घाला.

स्क्रीनवर मात्र मजकूर जपून लिहा. आपल्या लोकांना सवय यूपीआयची, आणि यूपीआयमध्ये 'मान्य करा' म्हणजे पैसे गेले. आमच्यातले एक काका वॉलेटने मंजुरी मागताच फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच दाब, माझे पैसे कट होतील." तेव्हापासून बटणाच्या वर ठळक लिहितो: 'पैसे जाणार नाहीत. फक्त तुमचा पत्ता कळेल.'

## टप्पा ५: पत्ता त्याचाच आहे हे पक्कं करा

वॉलेट जोडलं म्हणजे ब्राउझरकडून सर्व्हरला एक पत्ता आला, एवढंच. तो कोणीही कोणाचाही पाठवू शकतो. टॉन कनेक्टमध्ये 'टॉन प्रूफ' अशी सोय आहे. सर्व्हरने एकदाच वापरायची, थोडा वेळच चालणारी खूण द्यायची, वॉलेट त्या खुणेवर आणि तुमच्या डोमेनवर सही करतं, सर्व्हर सही तपासतो. खूण ब्राउझरमध्येच तयार केली तर या सगळ्याला अर्थ राहत नाही.

पत्ते साठवताना आणखी एक सापळा. टॉनचा एकच पत्ता अनेक रूपांत लिहिला जातो. मेननेटवर सुरुवात 'ईक्यू' किंवा 'यूक्यू' अशी, टेस्टनेटवर 'केक्यू' किंवा 'शून्यक्यू', आणि यांच्याखाली एक मूळ कच्चं रूप. दोन पत्ते अक्षरांनी जुळवले तर तोच माणूस दोन वेळा नोंदला जातो. कच्च्या रूपात बदला, मग साठवा आणि जुळवा.

'ईक्यू' आणि 'यूक्यू' मधला फरक दिसण्यापुरता नाही. 'ईक्यू' रूपावर पाठवलेले टॉन समोरचं वॉलेट अजून चालू झालेलं नसेल तर परत फिरतात. नव्याने काढलेलं वॉलेट पहिला व्यवहार करेपर्यंत चालू झालेलं नसतंच. नव्या माणसाला काही पाठवायचं तर 'यूक्यू' वापरा.

> तपासा: मित्राचा पत्ता स्वतःच्या सेशनमधून सर्व्हरला पाठवून बघा. नाकारला गेला पाहिजे. तीच सही दुसऱ्यांदा पाठवा. तीही नाकारली गेली पाहिजे.

## टप्पा ६: बॅज चेनवर आणा

आधी सगळं टेस्टनेटवर. टेस्टनेटचे टॉन टेलिग्रामवरच एक बॉट फुकट देतो आणि त्यांना बाजारात काही किंमत नाही. टेस्टनेटचे टॉन 'विकणारा' भेटला तर तो चोर समजा.

बॅजसाठी एनएफटीचा (चेनवर एका मालकाच्या नावे नोंदलेली एकमेव वस्तू) जो प्रकार विकता वा दुसऱ्याला देता येत नाही तो घ्या. टॉनमध्ये त्याचं मानक ८५ क्रमांकाचं आहे, सगळे त्याला एसबीटी म्हणतात. हरिश्चंद्रगड चढल्याचा बॅज विकत मिळायला लागला तर त्याला काय अर्थ उरला? आणि विक्री नाही म्हटल्यावर कराची डोकेदुखीही बरीच टळते. पुढे कधी विकाऊ वस्तू आणायचा विचार आलाच तर आधी सीएकडे जा. २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, त्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, आणि ठरावीक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस कापावा लागतो. शिवाय मिनी ॲपमध्ये डिजिटल वस्तू विकायच्या तर टेलिग्रामला त्या स्वतःच्या स्टार्समधून (टेलिग्रामचं ॲपमधलं चलन) विकलेल्या हव्या असतात.

आता क्रमांकाची गोष्ट. ही कोणी सांगत नाही आणि सगळे यात अडकतात. संग्रहातल्या प्रत्येक बॅजला एक क्रमांक असतो. टॉनच्या प्रचलित नमुना कॉन्ट्रॅक्टमध्ये (कॉन्ट्रॅक्ट म्हणजे चेनवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) नवा क्रमांक ओळीनेच द्यावा लागतो. १७ नंतर १८. थेट २५ मागितलात तर कॉन्ट्रॅक्ट नकार देतं. हजेरीच्या वेळीच प्रत्येकाला क्रमांक वाटून टाकलात आणि तिसरा, सातवा, नववा माणूस बॅज घ्यायला आलाच नाही, की रांग तिथेच थांबते. क्रमांक हजेरीला नाही, 'कायमचा बॅज घ्या' दाबल्यावर द्या. आणि एकदा दिला की डेटाबेसमध्ये त्या माणसाशी बांधून टाका. मग नेटवर्क अडकून दुसऱ्यांदा पाठवावं लागलं तरी क्रमांक तोच राहील आणि त्याच क्रमांकाचा दुसरा बॅज तयार होणार नाही. प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक घेणाऱ्या एका ॲपने एकाच माणसाला चार बॅज दिलेले मी पाहिलेत.

दुसरा अपघात रांगेचा. ट्रेकहून बस परत येताना तीस जण एकदम बटण दाबतात. तुमचा कोड तीस व्यवहार एकामागोमाग सोडतो. पण साध्या टॉन वॉलेटच्या प्रत्येक व्यवहाराला अनुक्रमांक असतो. आधीचा पार पडेपर्यंत सगळ्यांवर तोच आकडा पडतो, आणि पहिला सोडून बाकीचे वाया जातात. उपाय साधा आहे. विनंत्या रांगेत टाका, रांग वाचणारा एकच ठेवा, त्याने काही विनंत्या एकत्र करून एका व्यवहारात पाठवायच्या. चौथ्या आवृत्तीच्या वॉलेटमधून एका व्यवहारात ४ संदेश जातात, पाचव्या आवृत्तीतून २५५ पर्यंत. ट्रेकिंग ग्रुपला याहून जास्त काही लागत नाही.

> सावध: वॉलेटने किंवा सर्व्हरने 'पाठवलं' म्हटलं म्हणजे झालं असं नाही. हातात येतो तो सही केलेला संदेश, पार पडल्याचा पुरावा नव्हे. टॉनवर एक काम अनेक कॉन्ट्रॅक्टांमधून टप्प्याटप्प्याने जातं आणि मधला टप्पा फसू शकतो. बॅजच्या पत्त्यावर जाऊन मालक कोण आहे ते विचारा. तो बरोबर आला तरच बॉटने 'बॅज तुमच्या नावे झाला' म्हणावं. तोवर स्क्रीनवर 'काम चालू आहे, ॲप बंद केलं तरी चालेल' एवढंच.

बॅजचं चित्र कुठे आहे तेही बघा. चेनवर सहसा फक्त लिंक असते. चित्र तुमच्याच सर्व्हरवर ठेवलंत तर तयारीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोटं ठरतं. सर्व्हर गेला की बॅज राहतो आणि चित्र जातं. आयपीएफएसवर (अनेक संगणकांवर मिळून फाइल ठेवायची सोय) ठेवा, आणि ते तिथे टिकवून ठेवण्याचे पैसे कोण भरणार ते बैठकीत ठरवा. टॉनवर कॉन्ट्रॅक्टलाही साठवणुकीचं भाडं लागतं, ते त्याच्या शिल्लकीतून कापलं जातं. शिल्लक संपून बराच काळ गेला की कॉन्ट्रॅक्ट गोठतं. म्हणून बॅज काढताना थोडे टॉन त्याच्या खात्यात राहतील असं बघा. बॅजचा आकार छोटा, त्यामुळे भाडंही किरकोळ असतं, पण शून्य नसतं.

## टप्पा ७: मेननेटवर जाताना

फार लिहीत नाही, यादीच देतो. शनिवारी रात्री करू नका, एवढं मात्र आधी सांगतो.

- कोडमध्ये टेस्टनेटचा पत्ता, टेस्टनेटचा एपीआय किंवा नेटवर्कचा आकडा (टेस्टनेटचा उणे ३, मेननेटचा उणे २३९) कुठे राहिलाय का ते शोधा.
- रकमा नॅनोटॉनमध्ये आहेत ना? १ टॉन म्हणजे १ अब्ज नॅनोटॉन. दशांश चिन्ह असलेली रक्कम कोडमध्ये कुठेही दिसली तर थांबा.
- ग्रुपच्या वॉलेटमध्ये महिन्याला पुरतील एवढेच टॉन ठेवा. सर्व्हरवर किल्ली असलेल्या वॉलेटमध्ये मोठी रक्कम ठेवायची नसते.
- बॉटचं टोकन ब्राउझरच्या कोडमध्ये किंवा गिटमध्ये गेलं असेल तर बॉटफादरकडून रद्द करून नवं घ्या.
- पहिला बॅज स्वतःच्या नावे, दुसरा लीडरच्या. मग बाकीचे.

## टप्पा ८: चालू झाल्यावर येणारे फोन

पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ग्रुपमधल्या लोकांना 'ॲडमिन' बनून खासगी मेसेज करेल. फोटो तुमचाच, नाव तुमचंच, एक अक्षर वेगळं. 'बॅज अडकलाय, २४ शब्द पाठवा.' म्हणून बॉटच्या पहिल्या मेसेजमध्ये आणि ग्रुपच्या पिन केलेल्या मेसेजमध्ये एकच वाक्य ठेवा: 'आम्ही २४ शब्द कधीच विचारत नाही. विचारेल तो चोर.' शब्द गेलेच असतील तर त्या वॉलेटमध्ये जे काही आहे ते त्याच मिनिटाला नव्या वॉलेटवर हलवायला सांगा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला. इथे बँकेसारखं खातं गोठवून घेता येत नाही, हे त्या माणसाला तेव्हाच सांगा. खोटी आशा लावू नका.

दुसरा फोन नव्या सिमवाल्याचा. टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदलला तर आयडी तोच राहतो. पण बरेच जण नव्या नंबरवर नवं खातंच काढतात, आणि मग जुनी हजेरी सापडत नाही. यासाठी लीडरला दोन खाती जोडायची सोय द्या, मात्र एका लीडरच्या होकारावर नको, दोघांच्या.

तिसरा फोन वॉलेट गमावलेल्याचा. फोन फुटला, शब्द लिहिलेले नाहीत. एसबीटी हलवता येत नाही, म्हणजे जुना बॅज त्या बंद वॉलेटमध्ये तसाच राहणार. मानकात यावर सोय आहे. बॅज काढतानाच 'अधिकारी' म्हणून एक पत्ता नोंदवता येतो आणि त्या पत्त्याला बॅज रद्द करता येतो. जुना रद्द करायचा, नव्या पत्त्यावर नवा क्रमांक घेऊन नवा काढायचा. पण हा पत्ता नंतर घालता येत नाही. आमच्या पहिल्या संग्रहात आम्ही तो रिकामा ठेवला होता, त्यामुळे त्या वर्षीच्या काही बॅजांना आता दोन मालक दिसतात आणि त्यातला खरा कोणता ते फक्त आमच्या वहीत लिहिलंय. सहाव्या टप्प्यावर परत जा आणि तो रकाना भरलाय का ते बघा.